आधी हौद, मग अंधारी : नामविस्तार दिन आणि देवगिरीची वाट

दरवर्षी १४ जानेवारीला आम्ही बीडहून विद्यापीठ गेटला जातो. पहाटे जीप निघते. गेवराई, पाचोड करत सुमारे १३० किलोमीटर अंतर कापून औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर गाठायचे, गेटला आणि नामांतराच्या शहिदांना अभिवादन करायचे, पुस्तकांच्या स्टॉलवरून चार पुस्तके घ्यायची, सभा ऐकायची आणि रात्री उशिरा परत फिरायचे, हा आमचा शिरस्ता आहे.

गेल्या वेळी शिरस्ता मोडला. अभिवादन झाल्यावर आमच्यातल्या सात-आठ पोरांनी जीप घेतली आणि पंधरा किलोमीटरवरचा दौलताबादचा किल्ला गाठला. त्यांना अंधारी पाहायची होती. डोंगराच्या पोटात खोदलेली ती काळोखी वाट. संध्याकाळी त्यांच्या मोबाईलवर एकाखाली एक दोन फोटो दिसले. एक शहीद स्मारकासमोर हात जोडलेला, दुसरा अंधारीच्या तोंडाशी हसताना काढलेला. परतीच्या जीपमध्ये यावरून जी वादावादी सुरू झाली, ती पुढे महिनाभर विहारात चालली. आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी सरळ विचारले, "ज्यांच्या घरातली माणसं जाळून मारली, त्यांच्या नावाच्या दिवशी तुम्ही सहल करता?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २७ जुलै १९७८ रोजी राज्याच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना आणि सुगावच्या जनार्दन मवाडे यांना ठार मारले गेले. बीड जिल्हाही त्या आगीतून सुटला नाही. सरकारने ठरावाची अंमलबजावणी थांबवली. १९७९ मध्ये लाँग मार्च निघाला, हजारो लोक तुरुंगात गेले, गोळीबार झाले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. त्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव लागले. तेही नामांतर नव्हे, नामविस्तार. एका ठरावाचा कागद अमलात यायला जवळपास सोळा वर्षे आणि इतके जीव लागले. त्या गेटसमोर उभे राहून दोन तासांत किल्ल्यावर फिरायला जाणारी पोरे बघून ज्यांनी तो काळ भोगला त्यांचे मन दुखावणारच.

तरीही आमचे मत ज्येष्ठांपेक्षा वेगळे आहे. पोरांची चूक त्याच दिवशी किल्ल्यावर जाण्यात नव्हती. किल्ल्याच्या दरवाज्यात काय घडले होते हे ठाऊक नसताना ते सरळ अंधारीत शिरले, ही चूक होती. आणि ती चूक त्यांची कमी, आम्हा कार्यकर्त्यांची जास्त.

१९३४ साली बाबासाहेबही सहलीला निघाले होते. हो, सहलच. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत त्यांनी स्वतःच तसे सांगितले आहे. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी प्रेक्षणीय स्थळे पाहायला जाऊ म्हणून आग्रह धरला आणि ते तयार झाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच हे ठरले आणि वाटेवरचा दौलताबादचा किल्लाही कार्यक्रमात घेतला. सुमारे तीस जण होते. बस आणि मोटारी भाड्याने केल्या. नाशिकहून येवल्यामार्गे निजामाच्या राज्यात शिरले. मात्र या दौऱ्याची वाच्यता मुद्दाम केली नव्हती. अस्पृश्य प्रवाशाला वाटेत जो त्रास होतो तो टाळायचा होता. कोलंबिया आणि लंडनला शिकलेला, गोलमेज परिषदेत बोलून आलेला माणूस स्वतःच्या मुलखात लेणी पाहायला निघतो तेव्हा त्याला ओळख लपवावी लागते, ही त्या सहलीची सुरुवात.

दौलताबादला आपली माणसे वाट पाहत थांबली होती. आधी चहा घ्या म्हणाली. दिवस मावळण्याआधी किल्ला पाहून व्हावा म्हणून, परतताना घेऊ असे सांगून मंडळी पुढे गेली. किल्ल्याच्या दरवाज्याबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला लहान हौद होता, भोवती दगडी फरसबंदी. प्रवासाच्या धुळीने सगळे माखले होते. काहींनी त्या पाण्याने तोंड, हातपाय धुतले. तिथून ते दरवाज्यात गेले आणि आत जाण्याची परवानगी कशी काढायची हे विचारत होते, एवढ्यात मागून एक म्हातारा ओरडत आला की यांनी हौद बाटवला. रमजानचा महिना होता. बघता बघता गर्दी जमली, जातीवरून शिवीगाळ सुरू झाली. आम्ही बाहेरगावचे, इथली रीत आम्हाला माहीत नव्हती, असे सांगितल्यावर जमावाचा राग स्थानिक अस्पृश्यांवर वळला. तुम्ही यांना सांगितले का नाही, म्हणून. खरे तर पाणी घेतले तेव्हा ते बिचारे तिथे नव्हतेच. प्रसंग मारामारीवर, कदाचित खुनावर गेला असता, असे बाबासाहेबांनी लिहिले आहे.

मग बाबासाहेबांनी जमावातल्या एका तरुणाला विचारले की, हेच तुमचा धर्म शिकवतो का? आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला, तर त्यालाही तुम्ही या पाण्यापासून अडवाल का? जमाव गप्प झाला. त्यांनी पहारेकऱ्याला आपले नाव कागदावर लिहून दिले. ते आत गेले आणि निरोप आला की किल्ला पाहता येईल, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. ते पाहायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला गेला.

मित्रहो, हा किल्ला आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो तो वेगळा. आम्ही ज्या गाईडबरोबर फिरलो त्याने यादव सांगितले, रामदेवराय आणि १२९६ ची अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी सांगितली, धान्याऐवजी मिठाची पोती निघाल्याची गोष्ट रंगवली, १३२७ चा तुघलक आणि त्याची राजधानी सांगितली. अंधारीत तर त्याला फारच बहर आला. शत्रू काळोखात कसा चकायचा, वेड्यावाकड्या पायऱ्यांवर कसा पडायचा, वरून उकळते तेल कसे ओतायचे, धूर कसा कोंडायचा. वटवाघळांच्या वासात टॉर्च हलवत पोरे हे सगळे ऐकत होती. हौदाचे नाव मात्र निघाले नाही.

आपल्या बीडला जमिनीखालचे जग नवे नाही. शहराबाहेरची खजाना विहीर आणि तिच्यातून निघणारे भुयारी पाट निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधले गेले. दुष्काळातही पाणी टिकणारी विहीर म्हणून तिचा लौकिक आहे आणि लोक कौतुकाने बघायला जातात. तिथे सलाबतखानाचे नाव सांगतात, इथे यादवांचे. कातळ ज्यांनी फोडला त्यांचे नाव ना तिथे आहे, ना इथे. त्या पाण्याला कोण हात लावू शकत होते आणि कोण नाही, हे तर पर्यटनाच्या इतिहासात विचारलेच जात नाही. राजा, लढाई, कारागिरी हा 'इतिहास' ठरतो आणि हौदावरचा पहारा ही जणू एखाद्या जातीची खाजगी तक्रार. हा भेद आपण मान्य करतो, म्हणून आपलीच पोरे त्या दरवाज्यातून काही न कळता आत जातात.

पुढचा धागा बघा. त्या सहलीच्या पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच वाटेवरच्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांनी परिषद भरवली, बाबासाहेब आले आणि निजामाच्या मुलखातली आपली माणसे बंदीला न जुमानता जमली. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. त्या परिसराला त्यांनी नागसेनवन म्हटले. ज्या भागात त्यांच्यामागे पाण्यावर पहारा म्हणून शिपाई लावला होता, त्याच भागात त्यांनी सोळा वर्षांनी खेड्यापाड्यातल्या पोरांसाठी ज्ञानाची पाणपोई उघडली. मराठवाडा विद्यापीठ निघाले ते त्यानंतर, १९५८ साली. म्हणून विद्यापीठाला त्यांचे नाव द्या ही मागणी म्हणजे कुठला हट्ट नव्हता, तो या मातीवरचा हक्क होता. ज्यांनी १९७८ मध्ये हातात टेंभे घेतले त्यांना एक नावही बाटवणारे वाटले. १९३४ मध्ये पाणी बाटले, १९७८ मध्ये विद्यापीठाची पाटी बाटणार होती. हौदापासून गेटपर्यंत जात तीच आहे. मग ही दोन ठिकाणे एका दिवसात पाहणे म्हणजे शोकाचा अपमान कसा? उलट एकाशिवाय दुसरे अर्धवट राहते.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. दौलताबादचा प्रसंग सांगितला की काहींचे डोळे चमकतात. "बघा, मुसलमानांनी बाबासाहेबांना काय वागणूक दिली!" ज्यांनी महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली आपल्या माणसांची डोकी फोडली आणि मग गोमूत्राने तळे शुद्ध केले, त्यांच्या वारसांनी हे सांगावे? त्याच आठवणींत बडोद्याचा प्रसंग आहे. पारशांच्या धर्मशाळेतून बाबासाहेबांना लाठ्या घेऊन आलेल्या पारशांनी बाहेर काढले. बाबासाहेबांचा मुद्दा एका धर्माला झोडपण्याचा नव्हता. हिंदूंनी निर्माण केलेली अस्पृश्यता या देशात इतर धर्मांच्या माणसांनीही कशी अंगी मुरवून घेतली, हे ते दाखवत होते. ज्यांना हा प्रसंग दंगलीच्या सरपणासाठी हवा आहे, त्यांच्या हातात तो देऊ नका. पुस्तक पूर्ण वाचा. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या बाराव्या खंडात ते आहे.

आता ज्येष्ठांच्या म्हणण्याकडे पुन्हा येऊ. १४ जानेवारीची जत्रा होत चालली आहे, ही त्यांची खंत आम्हालाही पटते. डीजे, बॅनरवरचे भावी नगरसेवक, शहिदांच्या नावांपेक्षा मोठे नेत्यांचे फोटो. यावर उपाय म्हणून पोरांना फिरायला बंदी घालायची का? आमच्या वस्तीतली एक आजी या वादात शेवटी बोलली. १९७८ साली ती नवी नवरी होती. गाव पेटले त्या रात्री तिने बाजरीच्या रानात बसून पहाट केली आणि पुन्हा त्या गावात राहायला गेली नाही. ती म्हणाली, "आमचं फिरायचं वय लपण्यात गेलं. लेकरं फिरत्यात तर फिरू द्या. पण कुठं काय झालं ते सांगून फिरवा." यानंतर विहारात कुणी फारसे बोलले नाही.

मोकळेपणाने फिरणे हाही आपल्याला नाकारलेला हक्क होता. बाबासाहेबांना ओळख लपवून करावी लागलेली सहल आज आपण निळा झेंडा लावलेल्या जीपमधून करतो, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. शोक म्हणजे तोंड पाडून उभे राहणे एवढेच असेल तर तो गेटवरच संपतो आणि गेटबाहेर फक्त फोटो उरतो.

म्हणून यंदा आम्ही कार्यक्रम असा ठरवला आहे. इतर शाखांनी पटला तर घ्यावा, न पटल्यास चर्चेला यावे.

पहाटे बीड सोडून आधी दौलताबाद. तिकीट काढण्यापूर्वी सगळ्यांनी दरवाज्याबाहेर थांबायचे. बाबासाहेबांनी लिहिलेला तो प्रसंग एकाने मोठ्याने वाचायचा, शक्यतो सगळ्यात लहान मुलीने किंवा मुलाने. मग प्रत्येकाने आपापल्या बाटलीतले पाणी तिथेच प्यायचे. शेजारी कोणत्याही जातीधर्माचा प्रवासी उभा असेल तर त्यालाही द्यायचे. त्यानंतर खुशाल किल्ला चढा, अंधारीत शिरा, आरडाओरडा करा, फोटो काढा. बाहेर उजेडात आल्यावर एकच प्रश्न एकमेकांना विचारा की ही वाट खोदणाऱ्यांना वरच्या हौदातले पाणी मिळत असेल का? दुपारी नागसेनवन. संध्याकाळी गेट. शहिदांची नावे गावासकट एकेक करून घ्यायची, घोषणा त्यानंतर. आणि परतीच्या जीपमध्ये गाणी लावण्याआधी प्रत्येकाने घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाला १९७८ साली तू कुठे होतास, कुठे होतीस हे विचारायचे कबूल करायचे. ते उत्तर वहीत लिहून फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी विहारात आणायचे.

ही माणसे आता थोडी उरली आहेत. ती गेली की १९७८ चा मराठवाडा फक्त सरकारी कागदांत राहील, आणि सरकारी कागदांत आपण कसे असतो हे आपल्याला माहीत आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!