व्होल्टेजची किल्ली

प्रोसेसरला लागणारी वीज फ्रिक्वेन्सीच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. काम हलके असताना दोन्ही खाली आणले की बॅटरी जास्त टिकते. याच हिशेबाने 2000 साली इंटेलने लॅपटॉपसाठी ‘स्पीडस्टेप’ आणले, ट्रान्समेटाने ‘लाँगरन’. पुढे मोबाइल फोन तर या सोयीवाचून चालेनासे झाले. कोणत्या क्षणी किती वेग आणि किती व्होल्टेज द्यायचे, हे सॉफ्टवेअर ठरवू लागले. सुरक्षेचा विचार या वाटणीत फारसा झालाच नाही.

धोक्याची खूण मात्र आधीच मिळाली होती. हिशेबात एक चूक घडवता आली तरी आरएसए या कूटलेखन पद्धतीची गुप्त किल्ली काढता येते, हे बोने, डिमिलो आणि लिप्टन यांनी 1997 च्या निबंधात दाखवले. 1999 मध्ये पॉल कोचर आणि सहकाऱ्यांनी स्मार्टकार्डच्या वीजवापरातील चढउतारांवरून किल्ली ओळखली. पण अशा हल्ल्यांसाठी यंत्र हातात असावे लागते, असे गृहीत धरले गेले.

ते गृहीतक 2017 मध्ये कोसळले. कोलंबिया विद्यापीठातील टँग, सेतुमाधवन आणि स्टोल्फो यांनी ‘क्लॉकस्क्रू’ हल्ल्यात नेक्सस 6 फोनच्या प्रोसेसरचा वेग केवळ सॉफ्टवेअरने मर्यादेबाहेर नेला आणि ‘ट्रस्टझोन’ या सुरक्षित कप्प्यातून एईएस या कूटलेखन पद्धतीची किल्ली मिळवली. कप्पा वेगळा होता, पण वेग आणि व्होल्टेज ठरवणारी यंत्रणा सामाईक होती.

डिसेंबर 2019 मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्यूव्हन येथील संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ हल्ला जाहीर केला. एकच गुणाकार पुन्हा पुन्हा करायला लावून व्होल्टेज थोडे थोडे उतरवत नेले, की एका टप्प्यावर संगणक चालू राहतो, पण उत्तर चुकते. इंटेलच्या ‘एसजीएक्स’ कप्प्याची मेमरी कूटबद्ध असते आणि तिच्यातील फेरफार पकडला जातो. ही चूक मात्र प्रोसेसरच्या आतच, मेमरीत लिहिण्यापूर्वी घडते. हल्ल्याला प्रशासकाचे अधिकार लागतात, पण म्हणून तो किरकोळ ठरत नाही. प्रशासकापासूनही गुपित राखण्याची हमी हेच एसजीएक्सचे प्रयोजन होते. इंटेलने मायक्रोकोड व बायोसच्या अपडेटमधून व्होल्टेज बदलण्याची ती वाट बंद करण्याची सोय दिली.

वर्षभरात ‘प्लॅटिपस’ हल्ल्याने दुसरी, वीजवापर मोजण्याची बाजू उघड केली. 2011 च्या सँडी ब्रिजपासून इंटेलच्या चिपमध्ये वीजवापराचा मोजक आहे आणि लिनक्सवर तो साध्या वापरकर्त्यालाही वाचता येत होता. त्या आकड्यांवरूनही किल्ल्या निघाल्या. लिनक्सने मोजक प्रशासकापुरता मर्यादित केला.

2022 चा ‘हर्ट्झब्लीड’ हल्ला सर्वांत अवघड ठरला. ज्या माहितीवर काम चालते तिच्यानुसार वीजवापर बदलतो. तो मर्यादेला टेकला की फ्रिक्वेन्सी उतरते आणि उत्तराला लागणारा वेळ बदलतो. हा फरक नेटवर्कवरून, यंत्राला हात न लावता मोजता येतो. प्रत्येक वेळी सारखाच वेळ घेणारा प्रोग्राम सुरक्षित, हा जुना भरवसा त्यामुळे ढळला. प्रोसेसरचा वेग आपोआप वाढवणारी ‘टर्बो बूस्ट’ सोय बंद करणे हा उपाय आहे, पण त्याने वेग बराच घटतो. इंटेल आणि एएमडीने मायक्रोकोडची दुरुस्ती दिली नाही. बचावाची जबाबदारी कूटलेखनाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे सोपवली.