घुमणाऱ्या डब्याची दोन घराणी

हैदराबादच्या आरटीसी क्रॉसरोड्सवर चित्रपटगृहांच्या पाट्या वाचत गेलं की गंमत वाटते. संध्या 70 एमएम, देवी 70 एमएम, सुदर्शन 35 एमएम. फिल्मच्या पट्टीची रुंदी थेट थिएटरच्या नावात! फिल्म गेली, रिळं गेली, पडद्यावर डिजिटल आलं, पण नावातलं एमएम काही सुटलं नाही. नल्लकुंट्यातून, शंकर मठाच्या बाजूने निघालं की हा चौक फार लांब नाही. फीव्हर हॉस्पिटलच्या आसपासच्या गल्ल्यांत वाढलेल्या माणसाच्या मनात 'थिएटर' म्हटलं की तेच येतं. त्यामुळे तो घरात होम थिएटर बसवायला निघतो तेव्हा तुलनाही त्याच चौकाशी होते. टीव्ही मोठा आणला, पुढे दोन, मध्ये एक, मागे दोन असे पाच स्पीकर लावले, तरी काहीतरी उणं आहे असं त्याला वाटत राहतं. हत्ती धावतो, पण पोटात काही होत नाही.

ते उणं भरून काढणारा डबा म्हणजे सबवूफर. तो घ्यायला कोठीच्या गुजराती गल्लीत जा नाहीतर एखाद्या झगमगीत शोरूममध्ये, प्रश्न तेच येतात. आठ इंची, दहा की बारा? बंद डबा की भोकाचा? किती वॉट? विकणारा आपल्या सोयीचं उत्तर देतो आणि आपण मान डोलावतो. खरी उत्तरं त्या डब्याच्या वंशवेलीत आहेत. ही वेल दोन घराण्यांची आहे. एक गाणं ऐकणाऱ्यांचं, दुसरं सिनेमा दाखवणाऱ्यांचं. दोन्ही घराण्यांना हवं होतं ते वेगवेगळं, आणि आजचा प्रत्येक सबवूफर कुणाकडे तरी जास्त गेलेला असतो.

मूळपुरुष मात्र एकच. 1925 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कागदी शंकू आणि हलणारं तारेचं वेटोळं असलेला लाउडस्पीकर मांडला. आज आपल्या घरात वाजतात ते बहुतेक स्पीकर त्याच जातीचे. अडचणही त्याच्याबरोबरच जन्माला आली. स्पीकरला आवाज काढायचा म्हणजे हवा ढकलायची, आणि स्वर जितका खालचा तितकी ती जास्त ढकलावी लागते. सेकंदाला 40 कंपनं असलेला स्वर, म्हणजे 40 हर्ट्झ, काढताना शंकू जेवढा मागेपुढे होतो, त्याच्या चौपट त्याला 20 हर्ट्झसाठी व्हावं लागतं, तेव्हा कुठे जोर तेवढाच राहतो. त्यात आपला कान खालच्या स्वरांना मुळातच मंद. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये त्याचे आलेखच काढून दाखवले. त्यामुळे खर्ज हवा असेल तर मोठा शंकू आणि त्याला साजेसं कपाट, असाच बराच काळ हिशोब होता.

ते कपाट मोडलं एडगर विल्चर यांनी, 1954 साली. एरवी शंकूला मूळ जागी खेचून आणण्याचं काम त्याच्या कडेची ताठर पट्टी करायची. विल्चर यांनी ती पट्टी सैल सोडली आणि डबा हवाबंद केला. आत कोंडलेली हवाच आता स्प्रिंगचं काम करू लागली, आणि हवेची स्प्रिंग कुठल्याही कागदी पट्टीपेक्षा प्रामाणिक. त्यांचा विद्यार्थी हेन्री क्लॉस सोबत होता. दोघांनी ॲकॉस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि एआर-1 नावाच्या लहानशा डब्यातून असा खर्ज काढला की कपाटवाले चक्रावले. दुसरा रस्ता त्याआधीच बेल लॅब्जच्या आल्बर्ट थुरास यांनी दाखवला होता. डब्याला मोजूनमापून भोक ठेवायचं, म्हणजे शंकूच्या पाठीमागचा आवाज वाया न जाता एका ठरावीक स्वराला मदतीला येतो. त्याचं पेटंट 1932 चं. आज दुकानात 'सील्ड' आणि 'पोर्टेड' म्हणून विचारतात ते हेच दोघे.

क्लॉस यांनी पुढे भागीदारीत केएलएच ही कंपनी काढली. त्या नावातला 'एच' म्हणजे अँटन हॉफमन. या गृहस्थांनी सांगितलेला सौदा आजही मोडलेला नाही. खोल खर्ज, लहान डबा आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिघांपैकी दोनच मिळतात. तिसरं सोडावं लागतं. माझ्या मते सबवूफर निवडण्याचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं. बाकीचं जाहिरात. 1996 मध्ये बॉब कार्व्हर यांच्या सनफायर कंपनीने जेमतेम 11 इंचांचा घनाकार सबवूफर काढला. त्यात हॉफमनला हरवलं असं लोकांना वाटलं, पण त्याच्या पोटात 2700 वॉटचा ॲम्प्लिफायर होता. लहान डबा आणि खोल खर्ज घेतला, विजेची काटकसर सोडली, इतकंच.

स्टिरिओ आला आणि घरात एकाऐवजी दोन मोठे डबे ठेवायची पाळी आली. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की खालच्या स्वरांना दिशा नसते. 80 हर्ट्झची लाट चार मीटरहून लांब, आणि आपल्या दोन कानांत वीतभरही अंतर नाही. कान गोंधळतो, आवाज कुठून आला ते सांगू शकत नाही. मग खर्जाला दोन डबे कशाला? एक पुरे, आणि तोही कोपऱ्यात. तबकडीवर तर डाव्या-उजव्या बाजूंचा खर्ज बहुधा एकत्रच केलेला असायचा, नाहीतर सुई खोबणीतून उडायची. 1964 च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियाच्या रेमन डोन्स यांना अशा स्वतंत्र डब्याचं पेटंट मिळालं. त्यानंतर इन्फिनिटी कंपनीच्या आर्नल्ड न्यूडेल यांनी आपल्या महागड्या स्पीकरसंचाला खर्जाचा वेगळा ठोकळा जोडला. त्या काळचे काही उंची स्पीकर, विशेषतः स्थिरविद्युतेवर चालणारे, वरचे स्वर काचेसारखे स्वच्छ काढायचे आणि खाली पार कोरडे असायचे. त्यांच्या श्रीमंत मालकांची ही तक्रार बेव्हर्ली हिल्सच्या एका दुकानात केन क्रायझेल ऐकत होते. 1973 मध्ये स्टीली डॅन या बँडच्या 'प्रेत्झल लॉजिक'चं मिक्सिंग चालू असताना त्यांचा प्रायोगिक सबवूफर थेट स्टुडिओत गेला. तबकडीत नेमकं काय उतरतंय ते ऐकू यावं, एवढ्यासाठी. पुढच्याच वर्षी त्यांनी एम अँड के ही कंपनी काढली. हे झालं गाण्याचं घराणं. याची मागणी एकच, खर्ज नेमका हवा, आणि जिथे थांबायचा तिथे थांबलाही पाहिजे.

सिनेमाच्या घराण्याला असली नजाकत ठाऊक नव्हती. त्याचा जन्मच भूकंपात झाला. 1974 च्या नोव्हेंबरात युनिव्हर्सलचा 'अर्थक्वेक' आला, तो सेन्सराउंड नावाचं प्रकरण घेऊन. सर्विन-व्हेगा कंपनीचे अवाढव्य खर्जाचे भोंगे थिएटरात मांडले होते. त्यांतून ऐकू येण्यापेक्षा अंगाला जाणवेल असा घरघराट सोडायचे. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरमध्ये छताच्या गिलाव्याचे तुकडे पडतील म्हणून प्रेक्षकांच्या डोक्यावर जाळी बांधावी लागली. सिनेमाच्या प्रसिद्धीला याहून चांगलं काय हवं होतं! चारेक चित्रपटांनंतर सेन्सराउंड बंद पडलं. भोंगे जागा खात होते आणि शेजारच्या पडद्यासमोरचे प्रेक्षक वैतागत होते.

मग 1977 ला 'स्टार वॉर्स' आला आणि आपल्या चौकातला तो 70 एमएम इथे कामी येतो. 70 एमएमच्या पट्टीवर आवाजाच्या सहा चुंबकीय रेघा असत. त्यांतल्या पाच पडद्यामागच्या पाच स्पीकरांसाठी. डॉल्बी कंपनीच्या माणसांनी मधल्या दोन रेघा फक्त खर्जाला देऊन टाकल्या. 'बेबी बूम' असं त्या युक्तीचं लाडकं नाव. 1992 च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून डॉल्बीचा आवाज डिजिटल झाला, तेव्हा ही खर्जाची रेघ स्वतंत्र वाटेकरी म्हणून आत आली. आपल्या होम थिएटरच्या खोक्यावर 5.1 लिहिलेलं असतं, त्यातला दशांश तो हा. पाचांना पूर्ण वाटा, खर्जाला चिमूटभर, कारण त्याला वरचे स्वर लागतच नाहीत. टॉमलिन्सन होल्मन यांनी हा आकडा सुचवला, आणि घरगुती संचात खर्ज कुठे तोडून सबवूफरकडे द्यायचा यासाठी 80 हर्ट्झची रेघ रूढ केली तीही त्यांच्याच टीएचएक्स या मानकाने.

आपल्याकडे 70 एमएम म्हटलं की 1975 चा 'शोले' आठवतो. तेलुगूत ते भाग्य कृष्णा यांच्या 'सिंहासनम'ला मिळालं, 1986 मध्ये. 70 एमएम आणि सहा ट्रॅकचा स्टिरिओ असलेला पहिला तेलुगू चित्रपट तो. पुढे 2003 मध्ये प्रसाद्‌सचा आयमॅक्स उघडला आणि हैदराबादकरांना पोटात घुमणाऱ्या आवाजाची चटकच लागली. महाराष्ट्रात याच घराण्याची एक शाखा मिरवणुकीत शिरली. कोल्हापूर-सांगलीकडे ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीलाच 'डॉल्बी' म्हणतात. त्या भिंतीचा त्या कंपनीशी काही संबंध नाही, आणि काचा थरथरल्या म्हणजे आवाज चांगला, ही तिथली समजूत घरापर्यंत पोचली आहे, हे जास्त वाईट.

घरापर्यंत पोचलेल्या या समजुतीत आणखी एक भर पडली, ती खोक्यावरच्या आकड्यांची. 2000 च्या आसपास स्वस्त संचांवर हजारो वॉट पीएमपीओ छापलेले असत. डोळ्याचं पातं लवतं तेवढ्या वेळात, तेही कागदावर, निघणारी ही ताकद. तेवढी वीज ओढली असती तर नल्लकुंट्यातल्या जुन्या वाड्यांचे फ्यूज रोज उडाले असते. पाहायचे ते आरएमएस वॉट, म्हणजे सलग टिकणारी ताकद, आणि त्याआधी सबवूफर किती हर्ट्झपर्यंत खाली जातो ते. ओळखीच्या सुताराकडून प्लायचा डबा बनवून घेऊन आत मिळेल तो वूफर बसवणारेही होते. त्यात नाद मोठा निघायचा, पण तो एकाच सुरात. तबला असो की बॉम्बस्फोट, 'धम्म' तेच. डब्याचं घनफळ वूफरच्या स्वभावाशी जुळवावं लागतं. त्याचं गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी पक्कं केलं होतं, पण ते सुतारापर्यंत कोण नेणार? खऱ्या सबवूफरचा शंकू मुद्दाम जड केलेला असतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापतात, ती याच कारणासाठी. वजन वाढलं की स्वर उतरतो.

आता निवडीकडे. पहिली अट खोलीची, आणि इथे परदेशी सल्ला जपून घ्यावा. अमेरिकेतली घरं लाकडी सांगाड्याची, पातळ भिंतींची. त्यांतून खर्ज बाहेर निसटतो. आपल्या विटांच्या भिंती आणि सिमेंटचा स्लॅब त्याला सोडतच नाहीत. नल्लकुंट्यातल्या अपार्टमेंटचा हॉल 12 फूट बाय 14 फूट धरला, तर समोरासमोरच्या भिंतींत लाट अडकून 40 आणि 47 हर्ट्झच्या जवळपास खोली आपोआप गुणगुणते. भोकाचा डबाही बहुधा याच पट्ट्यात जोर लावतो. दोन्ही मिळून जे होतं त्याला आपण 'मस्त बेस' म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागतं. इतक्या खोलीला मी बंद डबा घेईन, दहा किंवा बारा इंची. त्याचा खर्ज हळूहळू उतरतो, खोली तो उचलून धरते आणि दोघांचा हिशोब बरा जमतो. हॉलला लागून जेवणाची खोली उघडी असेल, घरी गाणी कमी आणि 'आरआरआर'सारखे सिनेमे जास्त चालत असतील, तर भोकाचा मोठा डबा घ्यावा. तिथे सिनेमाच्या घराण्याचाच हक्क.

पाच स्पीकर किती खालपर्यंत वाजतात हेही बघावं लागतं. मुठीएवढे असतील तर सबवूफरला 150 ते 200 हर्ट्झपासून काम करावं लागतं. तिथे कानाला दिशा कळायला लागते, आणि नायक पडद्यावर असताना त्याचा घोगरा आवाज सोफ्याच्या कोपऱ्यातून येतो. पुस्तकाच्या कप्प्यात मावतील एवढे तरी असले तर 80 वर तोडता येतं. रिसीव्हरमध्ये त्यांना 'स्मॉल' म्हणून नोंदवायचं. यात त्यांचा अपमान नाही. जड काम दुसऱ्याकडे दिलं, एवढाच त्याचा अर्थ.

जागा शोधायची एक जुनी युक्ती आहे, हास्यास्पद पण हमखास. सबवूफर आपल्या बसायच्या जागी, सोफ्यावर ठेवायचा, खर्जाचं एखादं सलग गाणं लावायचं आणि भिंतींच्या कडेने रांगायचं. जिथे खर्ज सपाट आणि स्पष्ट ऐकू येईल तिथे डबा. कोपऱ्यात जोर सर्वाधिक मिळतो, गोंधळही सर्वाधिक. मग मागचं फेजचं बटण 0 आणि 180 असं फिरवून, ज्या बाजूला आवाज भरीव वाटेल तिथे सोडायचं.

दोन घ्यावेत का? हारमन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी 2002 मध्ये हाच प्रश्न घेऊन निबंध लिहिला. समोरासमोरच्या भिंतींच्या बरोबर मध्यावर दोन ठेवले तर सोफ्यावरच्या सगळ्यांना जवळजवळ सारखा खर्ज मिळतो, असं त्यात निघालं. पण आपल्या हॉलमध्ये एका भिंतीच्या मध्यावर बाल्कनीचं दार असतं आणि दुसऱ्याच्या मध्यावर दिवाण. शिवाय खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी आजी दहाला झोपतात, आणि स्लॅबमधून सगळ्यात आधी खर्जच उतरतो. गालिचा अंथरून तो थांबत नाही. डब्याखाली रबराचे जाड पाय लावले तर जमिनीची थरथर थोडी कमी होते, हवेतून जाणारी नाही. तेव्हा एकच घ्यावा आणि रात्री त्याचं बटण निम्म्यावर आणावं. दुसऱ्याचे वाचलेले पैसे मधल्या स्पीकरवर घालावेत, कारण संवाद तिथूनच येतात, आणि ते ऐकू आले नाहीत म्हणूनच बहुतेक घरांत आवाज वाढवला जातो.