शुद्ध तुपाची पारख आणि सरकीचा मुलूख

अन्नातील भेसळ ही काही विसाव्या शतकाची निर्मिती नव्हे. धान्य, तेल, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्ये व औषधे यांत हीन वस्तू मिसळणाऱ्यास बारा पण दंड करावा, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगून ठेवले आहे. मात्र ही पारख नाक आणि जिभेकडून काचेच्या नळीकडे गेली, ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. इंग्लंडमध्ये १८६० व १८७५ साली कायदे झाले. अमेरिकेत हार्वे वायली यांनी १९०२ पासून तरुण स्वयंसेवकांना टांकणखारासारखी परिरक्षके घातलेले अन्न देऊन त्यांचे परिणाम तपासले आणि १९०६ साली तेथे शुद्ध अन्नाचा कायदा संमत झाला.

हिंदुस्थानात या प्रश्नाला तोंड फुटले ते तुपावरून. १९१७ साली कलकत्त्यात तुपात जनावरांची चरबी आढळल्याने मोठा क्षोभ उसळला. येथे आरोग्याइतकाच धर्माचाही प्रश्न होता. देवापुढील निरांजन आणि श्राद्धाचे पान दोन्ही त्याच तुपावर अवलंबून होती. संयुक्त प्रांतात १९१२ साली, मद्रासेत १९१८ साली, बंगालमध्ये १९१९ साली आणि मुंबई इलाख्यात १९२५ साली भेसळप्रतिबंधक कायदे झाले.

कायदा झाला तरी पुरावा हवा. तो पुरविला रायखर्ट-माइसल अंकाने. दुधाच्या स्निग्धांशात ब्युटिरिक आम्लासारखी बाष्परूपाने उडून जाणारी आम्ले असतात. चरबीत व शेंगदाण्यासारख्या तेलांत ती जवळजवळ नसतात. पाच ग्रॅम तुपाचे साबणीकरण करून त्यातील ही आम्ले ऊर्ध्वपातनाने वेगळी काढावयाची आणि ती शमविण्यास किती अल्क लागतो ते मोजावयाचे, अशी ही रीत. अंक उतरला की भेसळीचा संशय बळावे.

पुढे तेलात हायड्रोजन मिसळून ते थिजविण्याची युक्ती निघाली आणि परदेशी ‘वनस्पती तूप’ बाजारात आले. १९३७ साली ‘डालडा’ आला. रंगरूपाने तुपासारख्याच असलेल्या या पदार्थावर खूण कशी करावी? तोड मोठी मार्मिक निघाली. वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे झाले. हायड्रोक्लोरिक आम्ल व फुरफुरालबरोबर हलविताच तिळाचे तेल किरमिजी रंग देते. यालाच बोदुआँची कसोटी म्हणतात. अशा रीतीने भेसळीच्या मालातच तिचा साक्षीदार बसविला गेला.

परंतु या शास्त्राची खरी परीक्षा झाली ती कापसाच्या मुलखात. वऱ्हाडात आणि पैनगंगेच्या दक्षिणेस आदिलाबादेकडे कापूस हे मुख्य पीक. कापसामागे सरकी आली आणि सरकी ही तर दुभत्या जनावरांची आवडती पेंड. सरकी भरपूर खाणाऱ्या म्हशीच्या तुपाचा रायखर्ट-माइसल अंक मुळातच कमी भरतो. इतकेच नव्हे, तर सरकीचे तेल ओळखण्याची हाल्फेनची कसोटीही अशा निर्भेळ तुपाला लाल रंग देऊ शकते. म्हणजे घरी लोणी कढवून तूप विकणारी बाई प्रयोगशाळेच्या दृष्टीने गुन्हेगार ठरावयाची!

१९५४ च्या अखिल भारतीय भेसळप्रतिबंधक कायद्याखालील नियमांनी ही अडचण ओळखली. महाराष्ट्रात किमान अंक सर्वसाधारण भागासाठी २६, तर अधिसूचित कापूस-प्रदेशासाठी २० असा ठरला. निरपराध्याला त्यामुळे संरक्षण मिळाले. पण चांगल्या तुपात चरबी मिसळून अंक विसापर्यंत उतरविणाऱ्यालाही तेवढीच मोकळीक मिळाली. एक कसोटी पुरेशी नाही, अनेक कसोट्यांचा मेळ घातला पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला.

तो कायदा जाऊन २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा २०११ पासून अंमलात आला. उपकरणेही पुष्कळ सूक्ष्म झाली. तथापि नावातच बाजार बाळगणाऱ्या बाजारहत्नूरसारख्या गावी गिऱ्हाईक आजही तूप तळहातावर चोळून हुंगतेच. त्या हुंगण्याला चरबी कदाचित कळणार नाही. परंतु जनावराने काय खाल्ले, हे त्या मुलखाला ठाऊक असते. प्रयोगशाळेला ते शिकावे लागले, आणि ती ते शिकली, यातच तिचे मोठेपण आहे.