दुर्बीण श्रेष्ठ की डोळा?

छंद कोणताही असो, साधनांवरून भांडण ठरलेलेच. तंबोरा मिरजेचाच हवा, कॅमेरा अमुकच हवा. या वादात गाणे आणि फोटो दोन्ही राहून जातात. रोग जुना आहे.

डान्झिग, म्हणजे आजचे पोलंडमधील ग्दान्स्क, येथे योहानेस हेवेलियस हा बिअरचा धंदा करणारा गृहस्थ घराच्या छपरावर वेधशाळा थाटून बसला होता. ग्रह न्याहाळण्यासाठी त्याने सुमारे १५० फूट लांबीची दुर्बीण उभारली. ताऱ्यांची स्थाने मोजताना मात्र तो नुसत्या डोळ्यांवर विसंबे. लंडनच्या रॉबर्ट हूकला हे खपेना. मापनयंत्राला दुर्बीण हवीच, असा आग्रह धरून १६७४ साली त्याने टीकेचे पुस्तकच काढले.

अखेर १६७९ साली २२ वर्षांचा एडमंड हॅली दुर्बीण लावलेले यंत्र घेऊन डान्झिगला गेला. दोघांनी शेजारी उभे राहून वेध घेतले. म्हाताऱ्याची अचूकता पाहून हॅली थक्क झाला. त्याच वर्षी वेधशाळा आगीत जळाली. ६८ वर्षांच्या हेवेलियसने ती पुन्हा उभारली.

तत्त्व हूकचेच खरे होते. पुढे सर्वांनी दुर्बीण स्वीकारली. पण दीड हजारांवर ताऱ्यांची यादी मागे राहिली ती हेवेलियसची. १६९० साली त्याची पत्नी एलिझाबेथ हिने ती प्रसिद्ध केली. हूकची अशी यादी नाही.

नाचता येईना त्याला अंगण वाकडे, हे खरेच. पण ज्याला नाचायचेच असते, तो वाकड्या अंगणातही नाचून जातो. अंगण मोजणारे मोजीतच राहतात.