काचबिंदू आणि घरची रोपं

आमच्या आजीला काचबिंदू होता. रात्री दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात, म्हणायची. आम्ही पोरं हसायचो. परवा रॉबर्ट रँडलबद्दल वाचताना तीच वलयं भेटली आणि थबकलोच.

वॉशिंग्टनमधला हा तरुण मास्तर. ऐन पंचविशीच्या आत डॉक्टरांनी सांगितलं, काही वर्षांत दृष्टी जाणार. १९७३ मध्ये एका रात्री गांजा ओढल्यावर बाहेरच्या दिव्याभोवतीची वलयं गायब! मग त्याने घरीच रोपं लावली. १९७५ मध्ये पोलीस आले. दुसरा कुणी असता तर गुन्हा कबूल करून मोकळा झाला असता. हा पठ्ठ्या कोर्टात म्हणाला, डोळे वाचवायला मला दुसरा उपायच नाही. डॉक्टरांच्या तपासण्या पुढे ठेवल्या, आणि १९७६ मध्ये न्यायाधीश जेम्स वॉशिंग्टन यांनी त्याला निर्दोष सोडलं.

खरी गंमत पुढेच. खटला भरणारं सरकारच त्याला मिसिसिपी विद्यापीठाच्या शेतातल्या गांजाच्या सिगारेटी पुरवू लागलं! १९७८ मध्ये पुरवठा तुटला. गडी पुन्हा कोर्टात गेला, पुन्हा मिळवला. त्यातूनच इतर रुग्णांसाठी योजना निघाली. पुढे एड्सच्या रुग्णांचे अर्ज येऊ लागले, आणि १९९२ मध्ये सरकारने नव्यांना दार बंद केलं.

आज डॉक्टर काचबिंदूला गांजा सुचवत नाहीत. परिणाम जेमतेम तीन-चार तास टिकतो, शिवाय चांगले थेंब मिळतात. मान्य. पण २००१ मध्ये रँडल गेला तेव्हा त्याला दिसत होतं. आजी शेवटी आम्हाला आवाजावरून ओळखायची.