तेच पाणी पुन्हा पुन्हा

आज आपण अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात जाऊ. तिथे निओशो नदीकाठी शनूट नावाचं छोटं शहर आहे, तेव्हाची वस्ती बारा हजारांच्या आसपास. १९५२ पासून पावसानं ओढ दिली आणि १९५६ मध्ये नदी वाहायचीच थांबली.

मग शहरानं काय केलं? बंधाऱ्यामागे साठवलेल्या पाण्यात आपलंच प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडलं आणि तेच पुन्हा गाळून, भरपूर क्लोरीन घालून नळाला दिलं. ऑक्टोबरपासून पाच महिने हे चाललं. तेच पाणी आठ ते पंधरा वेळा फिरून आलं असावं, असा हिशेब नंतर मांडला गेला. जंतूंच्या कसोटीवर ते उतरत होतं. पण रंग फिकट पिवळा, वास कुबट, आणि पेला भरला की वर फेस! तो साबणाच्या नव्या पावडरींचा. क्षारही वाढत गेले, कारण क्लोरीन जंतू मारतं, मीठ काढत नाही. लोक बाटलीतलं पाणी विकत घेऊ लागले.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून इथे जरा अडखळतो. नदीच्या वरच्या अंगाला आयोला, एम्पोरियासारखी गावं होतीच की. त्यांचं सांडपाणी शनूटकर आधीही पीत होते, फक्त ते दुसऱ्यांचं होतं, आणि मध्ये वाहती नदी होती. त्या नदीनं पाणी किती शुद्ध केलं आणि मनाची समजूत किती घातली, हे कोणत्या प्रयोगशाळेत मोजणार?

१९५७ च्या वसंतात पाऊस आला, नदी वाहू लागली आणि शहरानं तो प्रयोग थांबवला.