झांकलेलीं नांवें

कॅलिफोर्नियांतील लहान द्राक्षासवकारांचा इतिहास पॅरिसच्या परीक्षेपासून सांगण्याची वहिवाट पडली आहे. ती मला अर्धीच मान्य आहे. १९२० ते १९३३ च्या दारूबंदीनें तेथील बहुतेक तळघरें ओस पडलीं होतीं. पुढें १९४३ मध्यें मॅक्क्री दांपत्यानें नापा खोऱ्यांत डोंगरउतारावर स्टोनी हिल ही जागा घेतली, १९५२ मध्यें पहिलें आसव केलें, आणि दुकानदारांवर न विसंबतां ग्राहकांस पत्रें धाडून विकण्याची रीत पाडली. जिभेस रुचलें, तोच पुढील वर्षाचा गिऱ्हाईक!

२४ मे १९७६ रोजीं स्टीव्हन स्परिअर या इंग्रज व्यापाऱ्यानें पॅरिसांत पेले मांडले. बाटल्यांचीं नांवें झांकलेलीं होतीं. गुण धरले ते नऊ फ्रेंच परीक्षकांचे. तांबड्या आसवांत स्टॅग्ज लीपचें १९७३ चें आसव पहिलें आलें. तें करणारे वॉरन विनियार्स्की एके काळीं शिकागो विद्यापीठांत व्याख्याते होते, आणि वेली अवघ्या तीन वर्षांच्या! पांढऱ्यांतही कॅलिफोर्नियाच्याच शातो माँटेलीनाला अग्रमान मिळाला. निकाल ऐकतांच एका परीक्षक बाईंनीं आपली गुणपत्रिका परत मागितली, असें सांगतात. त्यांस हंसूं नये. नांव दिसतें तर आपलीच जीभ निराळा कौल देती, हें त्यांस तत्क्षणीं उमगलें असावें.

२००७ मध्यें विनियार्स्की यांनीं स्टॅग्ज लीप मोठ्या कंपन्यांस विकलें. किंमत साडेअठरा कोटी डॉलर; तींत मळा किती आणि एके काळीं झांकलेलें तें नांव किती, हें ज्याचें त्यानें ठरवावें.